दोन खणांची पेटी

पेटी शिसवीची होती. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या होत्या आणि झाकणावर मधोमध एक लंबगोल पितळी चकती. नाव कोरण्यासाठीच बसवलेली ती चकती कोरीच राहिली होती. काकूंनी पेटी माळ्यावरून उतरवून घेतली, पदराने पुसली आणि कपबशा बाजूला सारून माझ्यापुढे ठेवली. शुक्रवार पेठेतला वाडा, मंडईपासून हाकेच्या अंतरावर. खिडकीतून भाजीवाल्यांचा गलका आत येत होता.

आत हिरवी मखमल. तिच्यात दोन मोठे खण खोदलेले. एकात सुरा होता, दुसरा रिकामा.

"त्यात पिस्तूल होतं," काकू म्हणाल्या. "मामंजींच्या आजोबांना कुणा साहेबानं दिलेलं. मामंजी गेले आणि लायसन कुणाच्याच नावावर नाही हे लक्षात आलं. हे घाबरले, जाऊन जमा करून आले. पावती होती, तीही पुढे सापडेना. सुरा तेवढा राहिला. मी त्यानं कितीतरी वर्षं कलिंगडं कापली."

हे पुस्तक त्या दुपारी सुरू झाले. नजराण्याच्या हत्यारांविषयी मी त्याआधीही वाचत होतो, जमेल तिथे पाहत होतो, टिपणे काढत होतो. पण अशी वस्तू दान आणि देवाणघेवाणीच्या एका पूर्ण प्रसंगाचा उरलेला तुकडा असते, हे मला त्या रिकाम्या खणाने शिकवले. मी त्या खणात बराच वेळ बोट फिरवत होतो. मखमल दबून पिस्तुलाचा ठसा उमटला होता. नळीच्या जागी गोलाई नव्हती, सपाट कडा होत्या; म्हणजे नळी अष्टकोनी. मधे फुगीर खळगा, तिथे फिरते सिलिंडर बसत असणार. म्हणजे हे रिव्हॉल्व्हर. शेजारी तीन लहान कप्पे होते. एक साच्याचा, शिशाच्या गोळ्या ओतायला. एक दारूच्या कुपीचा. तिसऱ्याच्या तळाशी हिरवट गोल डाग होता, तांब्याच्या टोप्यांच्या डबीने सोडलेला. काडतुसे सर्रास वापरात येण्याआधीचे, ठासणीचे, टोपीचे रिव्हॉल्व्हर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे. वस्तू नव्हती, पण तिची कुंडली तिच्या जागेवर लिहिलेली होती.

पेटीवरून आणखी एक गोष्ट कळते. इंग्रज कारागीर पेटीत लाकडी पट्ट्यांचे सरळ कप्पे पाडतात; वस्तूच्या आकाराचा खळगा कोरून त्यात ती चपखल बसवणे ही फ्रेंच पद्धत. या पेटीत दोन्ही होते. लहान कप्पे इंग्रजी पद्धतीचे, आणि मोठे दोन खण मागाहून कुणीतरी वस्तूबरहुकूम खोदलेले. सुऱ्याचा खण तर उघडच नंतरचा, तिथल्या मखमलीचा हिरवा वेगळा. म्हणजे रिव्हॉल्व्हर विलायतेहून आले आणि त्याला साजेसा सुरा इथे, आपल्याकडे, मुद्दाम घडवून घेतला गेला.

सुऱ्याचे पाते वीतभर. मुठीजवळच्या पोलादावर सोन्याच्या तारेची वेल. वेलीची सुरुवात अगदी विलायती आहे. इंग्रज बंदुकांवर असतात तशी वळत जाणारी, कातरलेल्या काठांची पाने. कारागिरासमोर ते रिव्हॉल्व्हर ठेवलेले असणार आणि 'यासारखे कर' असे त्याला सांगितलेले असणार. पहिले वळण त्याने इमानाने उतरवले. दुसऱ्या वळणाला पान थोडे फुगले. तिसऱ्या वळणाला त्या पानाची कुयरी झाली आहे, आपल्या शालूच्या पदरावरची, पोटात बारीक फूल असलेली कुयरी. हाताला जे वळण आयुष्यभर लागले होते ते शेवटी बाहेर आलेच. बहिर्गोल काचेखाली मी ती कुयरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. इतक्या जुन्या, बिननावाच्या माणसाचा हात असा समोर दिसावा!

काही ठिकाणी सोने उडाले आहे आणि खालचे पोलाद उघडे पडले आहे. तिथे बारीक आडव्याउभ्या रेघांची जाळी दिसते. ही कोफ्तगरीची खूण. पोलादावर आधी छिन्नीने अशी जाळी काढून पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यावर सोन्याची बारीक तार ठेवून हलक्या हाताने ठोकतात, मग घोटतात. जाळीचे दात तार धरून ठेवतात. याहून जड आणि टिकाऊ काम तहनिशांचे. त्यात पोलादात खोल चर पाडून जाड तार आत बसवतात. कोफ्तगरीला सोने कमी लागते, काम लवकर होते आणि घासले की ते निघते. कलिंगडाने काही बिघडले नाही. बिघडले ते दर वेळी राखेने घासून धुतल्यामुळे.

आपल्याकडे हत्यार देणे म्हणजे मान देणे. छत्रपतींनी एखाद्याला पद दिले की त्याबरोबर वस्त्रे आणि शिक्के-कट्यार मिळत. १७१३ मध्ये शाहू छत्रपतींनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले ते पुण्याजवळच्या मांजरीच्या मुक्कामी. शिक्का आणि कट्यार ही त्या पदाची निशाणी. शिक्का कागदावर उठवायचा आणि कट्यार कमरेला मिरवायची. 'शिक्के-कट्यार' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. एक वस्तू लेखणीच्या बाजूची, एक तलवारीच्या बाजूची, आणि दोन्ही मिळून एक अधिकार. शिक्का दुसऱ्याकडे गेला आणि कट्यार तेवढी उरली तर तिला काय अर्थ? जोडीची वस्तू म्हणजे काय हे आपल्या दरबारी भाषेला तेव्हाच ठाऊक होते.

पुढे इंग्रज आले तसे देणेघेणे दोन्ही बाजूंनी वाढले. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा संस्थानिकांनी त्याला तलवारी, कट्यारी, ढाली असे कितीतरी नजराणे दिले. करवीरचे चौथे शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे. त्यांच्याकडून दिली गेलेली रत्नजडित तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि महाराष्ट्रात तिच्याविषयी अजून कळवळून बोलले जाते. बारा वर्षांच्या मुलाने दिलेला नजराणा किती स्वखुशीचा असेल, हा प्रश्न ती पाहताना मनात येतोच. नजराण्याची वस्तू पाहताना देणाऱ्याचा हात मोकळा होता की दाबलेला, हे संग्राहकाने विचारलेच पाहिजे. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना मिळालेल्या भेटी तोशाखान्यात जमा कराव्या लागत, तिथून त्या विकल्या जात किंवा दुसऱ्याच कुणाला पुन्हा भेट म्हणून दिल्या जात. म्हणून एकाच कट्यारीला दोन-दोन, तीन-तीन देणारे असू शकतात.

कोरलेला लेख अशा वेळी मोठा आधार असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, सुमारे ४७ लाख रुपयांना. पाते युरोपी बनावटीचे, म्हणजे आपल्या भाषेत फिरंग, आणि त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब. ती एक ओळ नसती तर ती तलवार शेकडो फिरंगांतली एक झाली असती आणि कुणा अनोळखी घराच्या भिंतीवर जाऊन लटकली असती. तिला घरी परत आणले ते तिच्यावरच्या अक्षरांनी.

पण अक्षरांवर डोळे मिटून विसंबूनही चालत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखे मांडली गेली, तीन वर्षांच्या उसनवारीवर आणलेली. त्यांच्या पेटीवर कोरलेल्या मजकुरात म्हटले आहे की साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने ती दिली. लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते की हीच शिवछत्रपतींची वाघनखे असे सिद्ध करता येत नाही. पेटी जे सांगते ते पेटी करवून घेणाऱ्याचे म्हणणे असते. ते जपून ठेवावे, नोंदवावे, आणि त्याशेजारी आपली शंकाही नोंदवावी. या पुस्तकात मी प्रत्येक वस्तूखाली दोन वेगळ्या ओळी दिल्या आहेत, 'वस्तू काय सांगते' आणि 'घर काय सांगते', ते याचसाठी.

आता रिव्हॉल्व्हरकडे येतो. सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत पेटंट घेतले १८३६ मध्ये. तो यंत्रकुशल होताच, पण भेट देण्याचे बळही त्याने पुरेपूर ओळखले होते. तुर्कस्तानचा सुलतान आणि रशियाचा झार या दोघांना त्याने सोन्याने मढवलेली रिव्हॉल्व्हरे दिली. अशा कामापैकी एक अव्वल नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सेनाधिकाऱ्यांना, मंत्र्यांना दिलेल्या कोल्टवर मुठीच्या मागच्या पट्टीवर 'कर्नल कोल्टकडून सप्रेम' अशा अर्थाची ओळ कोरलेली असते. गुस्ताव यंग हा जर्मन कोरक्या त्याच्या कारखान्यासाठी हे काम करी. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टची रिव्हॉल्व्हरे मांडली गेली, १८५३ मध्ये त्याने लंडनमध्ये कारखानाही काढला. तो फार वर्षे चालला नाही. पण याच काळात रॉबर्ट ॲडम्सची इंग्रजी रिव्हॉल्व्हरे निघाली, आणि ही दोन्ही जातीची हत्यारे कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला लागून हिंदुस्थानात पोचली. मंडईजवळच्या वाड्यातल्या रिकाम्या खणाचा माग इथपर्यंत जातो.

नवख्याने एक फरक नीट समजून घ्यावा. १८५१ च्या कोल्ट नेव्ही नमुन्याच्या सिलिंडरवर जहाजांच्या लढाईचे चित्र असते, टेक्ससच्या आरमाराची १८४३ ची लढाई. ते पाहून अनेकांना वाटते की आपल्या हाती खास कोरीव वस्तू लागली. ते चित्र साच्याच्या रुळाने दाबून उठवलेले आहे आणि साध्यातल्या साध्या नेव्हीवरही ते सापडते. हाताचे कोरीवकाम वेगळे. त्यात रेघेची सुरुवात बारीक, मधे भरदार आणि शेवटी पुन्हा केसासारखी होते, कारण कोरक्या मनगट वळवून सुरी आत घालतो आणि उचलून घेतो. रुळाची रेघ सगळीकडे सारखी खोल असते. दुसरी गोष्ट, जुन्या साध्या रिव्हॉल्व्हरवर नंतर नक्षी कोरून ते नजराण्याचे म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत. खरे कोरीवकाम पोलादावर रंग चढण्याआधी होते. म्हणून भिंग घेऊन गंजाचे खड्डे पाहावेत. खड्डा नक्षीच्या रेघेलाही खाऊन गेला असेल तर नक्षी आधीची. नक्षीची रेघ खड्ड्याच्या तळातूनही कोरी करकरीत जात असेल तर ती कालपरवाची.

रिव्हॉल्व्हर आणि सुरा अशी जोड अमेरिकेत आजही मुद्दाम घडवतात. टेक्सस रेंजर्सना दीडशे वर्षे झाली तेव्हा, १९७३ मध्ये, स्मिथ अँड वेसनने एक रिव्हॉल्व्हर आणि त्याबरोबर बोवी सुरा असा संच एका पेटीत काढला. संग्राहक तो संच फोडलेला असला तर हातही लावत नाहीत. आपल्याकडच्या कारागिराने याहून पुढची मजल मारलेली आहे. कट्यारीच्या दोन्ही अंगांना दोन इवलाली पिस्तुले जडवून एकच हत्यार केलेले भारतीय संग्रहांत सापडते. जोड एकमेकांपासून दुरावण्याची भीतीच नाही.

असल्या वस्तूंचा नाद पुण्यात धरायचा तर पाऊल मंडईपासूनच टाकावे लागते. बाजीराव रस्त्यापलीकडे, शुक्रवार पेठेतच, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचा धंदा करीत आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमाराला त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि मग आयुष्यभर थांबले नाहीत. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावात पहिले नाव त्याचे आहे. सुमारे वीस हजार वस्तू एका माणसाने गोळा केल्या आणि सगळ्या महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे आपल्या, हवाली केल्या. तिथे तलवारी-कट्यारी आहेतच, पण मी प्रत्येकाला आधी अडकित्ते पाहायला पाठवतो. माणसाच्या, पशुपक्ष्यांच्या आकाराचे, नक्षीने भरलेले. सुपारी कातरायला तेवढ्या नक्षीची गरज नव्हती. ती नक्षी देणाऱ्याच्या हौसेची आणि घेणाऱ्याच्या मानाची आहे, आणि नजराण्याच्या रिव्हॉल्व्हरवरची वेल याहून निराळी नाही. केळकरांनी राजवाड्यातल्या वस्तूइतकाच जीव स्वयंपाकघरातल्या वस्तूला लावला. माझ्या मते महाराष्ट्रात संग्राहक कसा असावा याचे याहून मोठे उदाहरण नाही.

मंडईची इमारतही या विषयाला धरूनच आहे, कारण नाव कोरण्याचा तिचा इतिहास बोलका आहे. १८८६ मध्ये ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट होती. उद्घाटन केले ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणावर खर्चावा हे त्यांचे म्हणणे. आज मंडईला नाव आहे ते महात्मा फुल्यांचे. साहेबाने दिलेले नाव गेले आणि ज्याने नको म्हटले त्याचे लागले. काकूंच्या पेटीवरची कोरी चकती पाहताना मला हे नेहमी आठवते. तिच्यावर साहेबाचे नाव यायचे होते की मामंजींच्या आजोबांचे, की दोघांचे?

कायद्याविषयी स्पष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण काकूंच्या घरची जोड फुटली ती चोरीने नाही, न कळल्यामुळे फुटली. बंदुका-पिस्तुलांचा व्यवहार १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. घरातला लायसनधारक गेला तर वारसाने वेळ न दवडता अर्ज करावा. हत्यार जमा करावेच लागले तर पावतीवर नुसते 'एक जुने पिस्तूल' असे लिहू देऊ नये. बनावट, क्रमांक, नक्षी, कोरलेला मजकूर, सगळे लिहून घ्यावे, छायाचित्र काढावे आणि पावती देवाच्या फोटोमागे नव्हे, बँकेच्या कागदांत ठेवावी. निकामी किंवा कालबाह्य हत्याराला कायद्यात काही सवलत आहे, पण ते ठरवायचे अधिकाऱ्याने, आपण नव्हे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायचा तर परवाना लागतो. सुऱ्या-कट्यारींना अंगण मोकळे आहे असेही कुणी समजू नये. घरकामाचा किंवा शेतीचा नसलेला, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा नियमांत हत्यार म्हणूनच मोजलेला आहे. मूठ हस्तिदंती असेल तर वन्यजीव कायदा आड येतो. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे. हे सगळे वाचून कुणी घाबरून जुनी वस्तू नदीत टाकू नये. माझ्या कानावर अशी दोन घरे आली आहेत. आधी विचारा.

आणि घासू नका. चिंच नको, राख नको, पितळ उजळायची पावडर तर मुळीच नको. मऊ सुती फडक्यावर दोन थेंब मशीनचे तेल, बस्स. मखमलीला तेल लागू देऊ नका, पात्याला बोटांचे ठसे राहू देऊ नका. घामातल्या मिठाने आठवड्यात गंज धरतो. वस्तू विकायची वेळ आलीच तर पेटीसकट विका, साच्यासकट, कुपीसकट, फाटक्या चिठ्ठीसकट. व्यापारी सांगेल की सुटे विकले तर दोन पैसे जास्त मिळतील. तो खरे सांगत असतो. तरी विकू नका.

पुढच्या प्रकरणांत आधी कट्यारी येतात, मग ठासणीची आणि काडतुसांची रिव्हॉल्व्हरे, मग कोरक्यांची आणि कोफ्तगरांची हत्यारे, म्हणजे छिन्न्या, सुऱ्या आणि घोटण्या. ते प्रकरण सगळ्यात मोठे झाले आहे आणि ते तसेच राहू दिले आहे. लेखांच्या वाचनाचे प्रकरण लहान आहे. ज्या घरांनी कपाटे उघडली त्यांची नावे त्यांच्या सांगण्यावरून कुठेही दिलेली नाहीत.

काकूंची पेटी अजून त्यांच्याकडेच आहे. सुरा आता स्वयंपाकघरात जात नाही. गेल्या खंडेनवमीला मी गेलो होतो. मंडईत झेंडूचे ढीग लागले होते, गाळ्यांवर तराजू आणि सुऱ्या धुऊन, कुंकू लावून मांडलेल्या होत्या. वर वाड्यात पाटावर विळी, कात्री, अडकित्ता आणि झाकण उघडलेली पेटी. काकूंनी सुऱ्यावर एक फूल वाहिले. मग दुसरे फूल घेतले, क्षणभर थांबल्या, आणि ते रिकाम्या खणात ठेवले.

मंडई, पुणे